मेहकरच्या तलावावरची बदक

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. वऱ्हाडात समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. तरीही मी वऱ्हाडातच जन्मले, इथेच वाढले आणि इथल्याच पाण्यावर म्हातारी झाले. माझं नाव बदक. हे नाव मला कौतुकानं मिळालं नव्हतं. ते कसं मिळालं ते पुढे सांगते.

मेहकर गावापासून कोसभर अंतरावर एक तलाव आहे. मोठ्या दुष्काळात सरकारनं लोकांना काम म्हणून तो खोदायला लावला. घरोघरची बायामाणसं टोपलीटोपलीनं माती वाहत होती, तिचाच आज उंच बांध झाला आहे. त्या बांधाखाली निवृत्ती भोई राहत असे. तलावाची राखण करायची, मासे धरायचे आणि पावसाळ्यात शिंगाडे लावायचे, हे त्याचं काम. त्याची आई त्याच मातीवर राबली होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे कागद नागपूरहून यायचे आणि कागदांबरोबर कधी कधी माणसंही यायची. असेच एकदा महादेवराव नावाचे बांधकाम खात्याचे ओव्हरसिअर बदलून मेहकरला आले. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईच्या बंदरावर गेली होती. पहिल्याच संध्याकाळी ते बांधावर आले आणि वाऱ्यानं पाण्यावर उठलेल्या लाटांकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग निवृत्तीला म्हणाले, "इथं शिडाच्या होड्या चालतील."

निवृत्तीला खोड कोरून केलेला अरुंद डोंगा तेवढा ठाऊक होता. तो हसला. "साहेब, इथं डोंगा चालते. शीड कायले पायजे?"

"मजेसाठी," महादेवराव म्हणाले.

निवृत्तीनं मजेसाठी कुणाला पाण्यात जाताना पाहिलं नव्हतं. पण त्याला हे बोलणं आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो आपणहून तलावाची खोली दाखवायला त्यांच्याबरोबर फिरला.

वर्षभरात एक छोटा क्लब उभा राहिला. महादेवराव त्याचे चिटणीस झाले. कापसाच्या जिनिंगचे मालक उत्तमराव अध्यक्ष झाले. मुलींच्या शाळेतल्या विमलबाई सभासद झाल्या, तेव्हा गावात चार दिवस त्याचीच चर्चा होती. आणखी दोघेतिघे होते. क्लब झाला, पण होडी एकही नव्हती. मग प्रश्न आला की होडी घ्यायची तरी कोणती?

महादेवरावांचं म्हणणं स्पष्ट होतं. बंदरावर त्यांनी एक शर्यत पाहिली होती. तिच्यात सगळ्या होड्या एका मापाच्या, एका शिडाच्या होत्या. ते म्हणत, "अशा शर्यतीत होडी जिंकत नाही, माणूस जिंकतो. आपल्या क्लबात एकाच जातीची होडी असावी. जी निवडू ती सगळ्यांची."

ती जात कोणती, यावर मात्र दोन तट पडले. उत्तमरावांनी मुंबईहून एक होडी मागवली. ती मलकापूर स्टेशनावर उतरली, बैलगाडीवर चढली आणि मोताळ्याच्या बाजारातून, राजूरच्या घाटातून पाचव्या दिवशी मेहकरला पोचली. मोताळ्याला बाजाराचा दिवस होता. लोक कापसाच्या गाड्या सोडून तिच्याभोवती गोळा झाले, म्हणे. ती होतीच तशी. सडपातळ, चकचकीत, पातळ फळ्या एकीवर एक बसवलेल्या. गाडीवानानं सांगितलं की घाटात ऊन पडलं की ती आरशासारखी चमकायची.

महादेवरावांनी शालिग्राम सुताराला बोलावलं. शालिग्राम बैलगाड्या, तिफणी आणि दारं करायचा. त्यानं जन्मात होडी पाहिली नव्हती. महादेवरावांनी त्याच्यापुढे कागद पसरला, माप समजावलं आणि विचारलं, "जमेल?"

शालिग्राम कागदावर बोट फिरवत म्हणाला, "गाडीले चाक असते, याले नाई. एवढाच फरक हाय. करून पाहू."

मित्रांनो, तो फरक एवढाच नव्हता. पण त्याच्या त्या वाक्यातूनच माझा जन्म झाला. मेळघाटाच्या सागवानाच्या फळ्यांना रंधा लागला. शालिग्रामला फळ्या वाकवता येत नव्हत्या, म्हणून माझं पोट सपाट झालं. फळ्यांच्या फटींत त्यानं सरकी काढलेला कापूस ठोकला आणि वरून राळ ओतली. अंगाला जवसाचं तेल पाजलं. डोलकाठी बांबूची, शीड मांजरपाटाचं. पोटाच्या मधोमध, चारी बाजूंनी उभ्या फळ्या ठोकलेली एक खाच होती. तिच्यातून पाण्यात उभी सोडायची फळी होती, म्हणजे वारा आडवा लागला तरी मी बाजूला घसरू नये. शालिग्राम तिला जीभ म्हणायचा. त्याची बायको सोजराबाई रोज संध्याकाळी अंगणात येऊन माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "हे तरंगन का हो?"

"बुडाली त गव्हान म्हनून ठेवू," शालिग्राम म्हणाला. पण त्या रात्री तो जेवला नाही, असं मी सोजराबाईच्याच तोंडून ऐकलं.

मी तरंगले. महादेवरावांनी निवृत्तीला शीड शिकवलं, उत्तमरावांनाही शिकवलं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी परीक्षेची शर्यत ठरली. तलावात तोंड बंद केलेली दोन मडकी दगडाला बांधून सोडली. त्या मडक्यांना तीन फेरे घालायचे. मुंबईच्या होडीत उत्तमराव, माझ्यात निवृत्ती. अर्धं मेहकर बांधावर बसलं होतं.

काय सांगू तुम्हांला? मी हरले. साधी हरले नाही. पहिल्या फेऱ्यातच ती मुंबईकरीण माझ्यापुढून अशी गेली की तिच्या मागची लाटसुद्धा मला गाठता आली नाही. माझं सपाट पोट पाण्यावर थपथप आपटत होतं. मी दुसऱ्या फेऱ्यात होते, तेव्हा ती काठाला लागली. तिसरा फेरा घालताना मी पाहिलं, उत्तमराव बांधावर बसून चहा पीत होते. मी काठाजवळ आले तसे ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, ही होडी होय का बदक?"

सगळा बांध हसला. मुलं "बदक, बदक" ओरडू लागली. शालिग्राम गर्दीत होता. त्यानं पागोट्याचं टोक तोंडावर घेतलं आणि तो खाली बघत राहिला. मला लाकडाचं अंग असूनही लाज कशी वाटते ते त्या दिवशी कळलं.

महादेवराव सरळ माणूस. ते उभे राहून म्हणाले, "बदक हरली. पंच म्हणून मला दुसरं काही सांगता येत नाही."

निर्णय जवळजवळ झालाच होता. उत्तमराव उदार मनाचे होते. ते म्हणाले, "मी आनखी मांगवतो. माह्याच होड्याइत सारे बसा. कोनी परके हा का?"

आणि मग त्यांनी सहज, जिंकलेल्या माणसाच्या आनंदात, निवृत्तीला विचारलं, "काय रे निवृत्ती, कसा जितलो मी?"

निवृत्ती माझं शीड गुंडाळत होता. तो हात न थांबवता म्हणाला, "मालक, होडी जितली."

बांधावरचं हसणं थांबलं. त्या काळी निवृत्तीसारख्यानं उत्तमरावांना असं म्हणणं सोपं नव्हतं. उत्तमरावांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे मी नाई जितलो?"

"ते मले नाई माहीत," निवृत्ती म्हणाला. "आजच्या शर्यतीतून ते समजतच नाई."

कुणीतरी निवृत्तीला गप्प बस म्हणालं. महादेवराव पुढे होऊ लागले. पण उत्तमरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि धोतर खोचलं. "तू बस मुंबईच्या होडीत," ते म्हणाले. "म्या बसतो या बदकात. पाहू आता."

आम्ही पुन्हा निघालो. मित्रांनो, उत्तमरावांचा हात वाईट नव्हता. खरं तर वळणावर त्यांचं शीड निवृत्तीपेक्षा नेटकं फिरत होतं. ते मला बोलत होते, चुचकारत होते, शेवटी शिव्याही देत होते. पण मी किती धावणार? मुंबईची होडी निवृत्तीला घेऊन सुसाट गेली आणि आम्ही दोघं थपथप करत मागे राहिलो. शेवटच्या मडक्यापाशी उत्तमरावांनी शिडाची दोरी सैल सोडली. त्यांनी पुढे बघणं सोडलं आणि माझ्या काठावर हात ठेवून नुसते बसले. बांधावर या वेळी कुणी हसलं नाही. कुणाची छाती होती?

काठाला लागल्यावर ते उतरले, धोतराचा सोगा पिळला आणि म्हणाले, "होडी जितली. दोन्ही डाव होडीच जितली."

तेव्हा विमलबाई बोलल्या. इतका वेळ त्या बाजूला उभ्या होत्या. "उत्तमराव, तुमची होडी चांगली आहे, ह्यात वाद नाही. पण तशी दुसरी मला घेता येणार नाही. तुम्ही बसवाल तर मी तुमची पाहुणी. पाहुणीनं शर्यत जिंकायची कशी?"

"मंग काय या हळू होडीत बसता?"

"सगळ्यांचीच हळू असली तर हळू कोणती?" विमलबाई म्हणाल्या.

हे ऐकून निवृत्ती हसला. म्हणाला, "अन् मालक, तुमची फळी फुटली त तिले मुंबईले धाडसान का? शालिग्राम हितंच हाय."

उत्तमरावांनी गर्दीत शालिग्रामला शोधलं. "काऊन रे, अशा आनखी पाच करशीन?"

शालिग्रामनं तोंडावरचं पागोट्याचं टोक काढलं. तो पुढे आला. "करतो मालक. पन ही हळूच हाय. सांगून ठेवतो, मागून म्हनू नका."

"म्हनत नाई," उत्तमराव म्हणाले. "पन साऱ्या येकसारख्या पायजेत. माह्यी बी. अन् एक या निवृत्तीले. त्याच्यासंगं माह्या हिशोब राह्यला हाय."

महादेवरावांनी वहीत क्लबच्या होडीचं नाव लिहिलं. त्या जातीचं नाव त्यांनी ठेवलं 'बदक'. उत्तमरावांनीच तसं सुचवलं होतं. असं हे चिडवण्याचं नाव आमच्या घराण्याचं आडनाव झालं.

शालिग्रामनं मला अंगणात आणलं आणि माझ्या अंगावर फळ्या लावून लावून माझ्या पाच बहिणी घडवल्या. एकही फळी बोटभर इकडची तिकडे होऊ दिली नाही. सोजराबाई मापाची दोरी धरायची. दर वर्षी दसऱ्याला आम्हां सहाजणींना बांधावर एका ओळीत पालथं घालून तो दोरीनं मोजायचा, तेव्हा उत्तमरावसुद्धा शाळेतल्या पोरासारखे हात बांधून उभे राहायचे.

ते दिवस आठवले की अजून माझ्या फळ्या गरम होतात. रविवारी सकाळी सहा पांढरी शिडं एकदम उघडायची. कुणाची होडी कोणती, हे चिठ्ठी टाकून ठरायचं. आज जी उत्तमरावांची ती पुढच्या रविवारी निवृत्तीची. एका माघ महिन्यात विमलबाईंनी मला घेऊन पहिला नंबर काढला, तेव्हा शाळेतल्या मुली बांधावरून इतक्या जोरात ओरडल्या की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. निवृत्ती आणि उत्तमराव यांचं तर कधी मिटलंच नाही. एकदा हा पुढे, एकदा तो. शर्यत संपली की दोघं बांधावर बसून एकमेकांच्या चुका काढायचे. "तू वारा पाह्यलाच नाई बे." "मालक, तुमी मडकं लय लांबून घेतलं." मालक हा शब्द तोंडात होता, पण बोलणं बरोबरीचं होतं. तलावाच्या बाहेर ते तसं बोलत होते की नाही, मला माहीत नाही. शालिग्रामचं अंगण सोडलं तर मी तलावाबाहेर कुठे गेलेच नाही.

मुंबईची होडी उत्तमरावांच्या वाड्यात राहिली. तिच्यावर गोणपाट होतं. तिला कुणी पाण्यात आणलं नाही. मला कधी कधी तिची दया यायची. दोष तिचा नव्हता. ती एकटी होती, एवढंच.

मग काळ बदलला. महादेवरावांची बदली झाली. जाताना त्यांनी आम्हां सहाजणींच्या अंगावरून हात फिरवला. विमलबाई देऊळगाव राजाच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन गेल्या. लढाई आली, रॉकेल मिळेना, मांजरपाट मिळेना. शिडं विरली आणि नवी शिवली गेली नाहीत. शालिग्राम गेला, त्या वर्षी दसऱ्याला आम्हांला कुणी मोजलं नाही. स्वराज्य आलं तेव्हा गावात मोठा आनंद होता, पण क्लबाच्या खोलीला कुलूप होतं. माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. एकीची गव्हाण झाली, एकीच्या फळ्या कुणाच्या तरी दाराला लागल्या. बाकीच्या उन्हात पडून फाकल्या आणि शेवटी चुलीत गेल्या. कुणाला दोष द्यावा? आम्ही कुणा एकाच्या नव्हतो. सगळ्यांच्या होतो, आणि सगळे निघून गेले होते.

मी वाचले ती निवृत्तीमुळे. त्यानं डोलकाठी काढली आणि मला शिंगाड्याच्या कामाला लावलं. शिंगाड्याच्या वेलीत डोंगा लवंडतो. माझं सपाट पोट लवंडत नाही. जे पोट शर्यतीत हसण्यावारी गेलं, त्यावर आता टोपल्या भरभरून शिंगाडे राहू लागले. निवृत्तीची सून रुखमाबाई माझ्यात बसून वेली उचलायची. तिला शीड माहीत नव्हतं. पण पाणी तिला चांगलं कळायचं.

आता मी तुम्हांला माझ्या सगळ्यांत वाईट दिवसांची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळा फार कडक होता. तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता राहिला. मी बांधावर पडले होते आणि ऊन माझ्या फटींतला कापूस बाहेर काढत होतं. माझ्या दोन फळ्यांमधून पलीकडचं गवत दिसायचं. चैत्र संपत आला तेव्हा एका सकाळी निवृत्ती आला. तो फार थकला होता. त्यानं मला दोरीनं ओढत ओढत डोहापर्यंत नेलं. मला वाटलं, आता काम सुरू होणार. पण त्यानं बांधावरचे दगड आणले आणि एकेक करून माझ्यात ठेवू लागला. पाणी फटींतून आत आलं. मी जड झाले. तो दगड ठेवतच राहिला. शेवटी माझा काठ पाण्याखाली गेला आणि मी बुडाले.

मित्रांनो, होडीला याहून मोठं भय नाही. खाली चिखलात बसून मी विचार करत राहिले, माझं काय चुकलं? ज्यानं मला इतकी वर्षं सांभाळलं त्यानंच मला दगड घालून का बुडवलं? वरून उजेड हिरवा होऊन यायचा. मासे माझ्या खाचेतून ये-जा करायचे. निवृत्ती पुन्हा आला नाही.

तो का आला नाही ते मला नंतर कळलं. घरी गेल्यावर त्याला ताप भरला आणि तो अंथरुणाला खिळला. तापात तो पुन्हा पुन्हा एकच म्हणायचा, "बदक पान्यात हाय. काढजा तिले." घरचे म्हणायचे, बदक काय आणि होडी काय, पाण्यातच असणार, म्हातारा बरळतो आहे. मृगाच्या आधी तो गेला.

पाऊस आला, तलाव भरला. डोह कुठे होता ते आता ओळखूही येईना. शिंगाडे लावायची वेळ झाली आणि रुखमाबाई होडी शोधू लागली. कुणी म्हणालं चोरीला गेली, कुणी म्हणालं जाळली असेल. तिच्या घरचं वर्षाचं खाणं त्या शिंगाड्यांवर होतं. तेव्हा उत्तमराव तिच्याकडे आले. ते आता पंच्याहत्तरीचे होते, काठी टेकत चालायचे. निवृत्ती गेला तेव्हा आजारी असल्यामुळे त्यांना येता आलं नव्हतं, म्हणून ते उशिरा भेटायला आले. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "जाता जाता काई बोलला का?"

रुखमाबाईनं सांगितलं. "काई नाई जी. नुसतं बदक पान्यात हाय, काढजा, असंच बरळत होते."

उत्तमराव एकदम उठले. "अवं बाई, तो बरळत नोता! लाकूड कोरडं पडलं का फाकते. म्हनून त्यानं तिले पान्यात ठेवली. पान्यात फळी फुगते अन् फट बुजते. शालिग्राम सांगे आमाले. चाल, मले बांधावर ने."

रुखमाबाई थबकली. मग म्हणाली, "त्याइचं धोतर वलं होतं त्या दिवशी. अन् बांधावरचे दगड कमी झाले होते. म्या पाह्यलं होतं, पन..." ती बांधाच्या वाटेला लागली.

त्या दोघांनी मिळून जागा ठरवली. ती सांगत होती की चैत्रात पाणी कुठवर होतं आणि ते सांगत होते की डोह कुठे खोल होता. वस्तीवरच्या चार भोयांनी बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला एकाचा हात माझ्या काठाला लागला. त्यांनी एकेक दगड बाहेर फेकला. दगड कमी झाले तशी मी हलकी झाले, चिखलातून सुटले आणि आपोआप वर आले. काठाला आणून त्यांनी मला उपसलं. उत्तमराव वाकून माझ्या फटी बघू लागले. एकही फट उघडी नव्हती. पाणी आत येत नव्हतं.

त्यांनी माझ्या काठावर हात ठेवला. मग रुखमाबाईला म्हणाले, "त्यानं सांगतलं होतं अन् आपुन कोनीच आयकलं नाई." रुखमाबाईनं डोळ्यांना पदर लावला. पण लगेच ती वेलींची टोपली आणायला गेली, कारण दिवस वर आला होता आणि लावणी व्हायची होती.

मित्रांनो, मी बुडाले असताना निवृत्तीवर रागावले होते, याचं मला अजून वाईट वाटतं. मला वाटलं, त्यानं मला टाकलं. तो मला जपत होता. तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील. त्यांना कापड घालून कोपऱ्यात ठेवणं म्हणजे जपणं, असं समजू नका. माझ्या बहिणींना पाण्यानं मारलं नाही, कोरड्या जागेनं मारलं. गाडी असेल तर ती जुंपा, चरखा असेल तर तो फिरवा. आणि एखादं म्हातारं माणूस पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असेल, तर ते बरळतं आहे असं म्हणण्याआधी एकदा नीट ऐका.

आज आश्विनातली सकाळ आहे. शिंगाडे तयार झाले आहेत. रुखमाबाईनं काल माझ्या अंगाला जवसाचं तेल लावलं आहे. ती आता टोपली घेऊन बांधावरून उतरते आहे. पाय आत टाकण्याआधी ती नेहमी माझ्या काठावर एक हात टेकवते, मी डगमगते आहे का ते बघायला. मी डगमगत नाही.